सात प्रकरणं, सहाशे ओव्या आणि एक वर्ड फाइल : एका प्रबंधाच्या मांडणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवणाऱ्या एक प्राध्यापिका जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी. करत होत्या. ओळख पटू नये म्हणून नाव, विद्यापीठ, गावं यांपैकी काहीच इथे देत नाही. काही तपशील मुद्दाम हलवले आहेत. त्यांना मॅडम म्हणू आणि त्यांच्या मार्गदर्शकांना सर. प्रत्यक्षातही सगळे तसंच म्हणत होते.

प्रबंधात सात प्रकरणं आणि तीन परिशिष्टं. पहिल्या परिशिष्टात सहाशेच्या आसपास ओव्या, दुसऱ्यात त्या सांगणाऱ्या बायांच्या मुलाखती, तिसऱ्यात छायाचित्रं. छापील पानं साधारण सव्वाचारशे. नोकरी आणि घर सांभाळून बऱ्याच वर्षांत लिहून झालेला हा मजकूर, त्यामुळे प्रत्येक फाइल वेगळ्या काळातली. पहिली तीन प्रकरणं गावातल्या टायपिंगवाल्या दादांनी जुन्या, युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला सगळ्या संगणकांवर एकच संकेत देणाऱ्या पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टात टाइप केलेली. चौथं आणि पाचवं मॅडमनी स्वतः लॅपटॉपवर युनिकोडमध्ये केलेलं. शेवटची दोन बरीचशी मोबाइलवर बोलून टाइप झालेली, म्हणजे शब्द ठीक पण विरामचिन्हांच्या नावाने शून्य.

सर कागदावरच वाचायचे. लाल पेनने समासात खुणा, मोठ्या दुरुस्त्या पाठकोऱ्या कागदावर. मॅडम त्या खुणा कधी घरच्या लॅपटॉपवर, कधी कॉलेजच्या संगणकावर उतरवायच्या. ये-जा पेन ड्राइव्हवर. फोल्डरमध्ये ‘प्रकरण ४ अंतिम’, ‘प्रकरण ४ अंतिम नवीन’ आणि ‘प्रकरण ४ सरांनी बघितलेलं’ अशा तीन फाइली सुखाने नांदत होत्या. त्यातली सर्वांत ताजी कोणती, हे नावावरून नाही तर मॅडमच्या आठवणीवरून ठरायचं.

मी अशा प्रबंधांची मांडणी करून देतो. काम माझ्याकडे आलं तेव्हा पूर्व-सादरीकरण (जमा करण्याआधी विद्यापीठात प्रबंध मांडून दाखवणं) होऊन गेलं होतं आणि प्रबंध जमा करायला चार महिने होते.

अडचण

मॅडमनी सगळी प्रकरणं एका कोऱ्या फाइलीत एकापाठोपाठ कॉपी-पेस्ट करून पाहिली होती. त्यांना वाटलं होतं की आता फक्त अनुक्रमणिका टाकायची राहिली. झालं भलतंच.

प्रत्येक प्रकरणाच्या तळटीपा एकपासून सुरू होत होत्या, त्या आता सलग चारशेच्या पुढे गेल्या. मजकुरात जिथे ‘पाहा : तळटीप १२’ असं हाताने लिहिलं होतं, तिथली बारावी तळटीप आता भलत्याच प्रकरणात होती. पहिल्या प्रकरणाचं नाव शीर्षपट्टीत सगळीकडे उमटलं. आडव्या पानावरच्या एका तक्त्यामुळे पुढची अकरा पानं आडवी झाली. अर्ध्या मजकुराचा फॉन्ट बदलला, अर्ध्याचा नाही. मोबाइलने काढलेली छायाचित्रं मूळ आकारात पेस्ट केल्यामुळे फाइल उघडायलाच इतका वेळ लागायचा की मॅडम तोवर चहा टाकून यायच्या.

यातलं बहुतेक सगळं निस्तरण्यासारखं होतं. खरी काळजी होती ओव्यांच्या क्रमांकांची. परिशिष्टातल्या ओव्यांना १, २, ३ असे आकडे हाताने दिलेले आणि प्रकरणांमध्ये जागोजागी ‘ओवी क्र. २१४’ असे दाखले. सरांनी सुचवलं की एका गावच्या चौदा ओव्या विषयाशी जुळत नाहीत, काढा. मॅडमनी काढल्या, पुढचे आकडे नीट केले आणि प्रकरणांमधले दाखले बदलायला बसल्या. तिसऱ्या प्रकरणापर्यंत आल्यावर त्यांच्या लक्षात आलं की काही दाखले आधीच बदललेले होते की नव्हते, हे आता सांगता येत नाही.

मुळाशी काय होतं

फाइल उघडून पहिल्यांदा मी छुपी चिन्हं दाखवणारं बटण दाबतो, म्हणजे परिच्छेदाची खूण, टॅब, मोकळ्या जागा दिसतात. इथे नवं पान हवं म्हणून एंटर दाबलेले परिच्छेद ओळीने उभे होते. ओव्या स्पेस बार दाबून आत सरकवलेल्या. शीर्षकं म्हणजे नुसती ठळक आणि मोठी केलेली ओळ. शैलींची (स्टाइल, म्हणजे परिच्छेदाचा फॉन्ट, आकार, जागा हे सगळं एका नावाखाली बांधणारी सोय) यादी उघडली तर सगळा प्रबंध ‘नॉर्मल’ या एकाच शैलीत.

वर्डला डोळे नाहीत. ठळक ओळ म्हणजे शीर्षक, हे आपल्याला दिसतं, त्याला नाही. त्याला फक्त शैलीचं नाव कळतं. अनुक्रमणिका, प्रकरणाचं नाव आपोआप घेणारी शीर्षपट्टी, ‘तक्ता ४.२’ सारखे क्रमांक, सगळं त्या नावावर चालतं. त्यामुळे फाइल एक ठेवायची की अनेक, हा वाद सुरू करण्याआधी हे दुरुस्त करणं भाग होतं. सात फाइलींमध्ये शैली एक असेल तर त्या कधीही जोडता येतात. एकाच फाइलीत शैलीच नसेल तर ती फाइल नुसती लांब असते.

देवनागरीची एक जादा गंमत आहे, ती सांगायलाच हवी कारण ती बहुतेकांना ठाऊक नसते. वर्ड प्रत्येक शैलीत लॅटिन लिपीचा फॉन्ट वेगळा ठेवतं आणि कॉम्प्लेक्स लिपींचा वेगळा. देवनागरी या दुसऱ्या गटात येते. आकारसुद्धा दोघींचा स्वतंत्र. मॅडमनी शैलीत एकदा ‘नॉर्मल’चा फॉन्ट बदलून पाहिला होता, पण तो बदल लॅटिनच्या रकान्यात झाला, मराठी मजकूर जागचा हलला नाही. मग त्यांनी शैलीचा नाद सोडला आणि प्रत्येक परिच्छेद निवडून हाताने फॉन्ट दिला. अनेक मराठी संशोधक शैलींपासून दूर पळतात त्याचं कारण हेच असावं असा माझा समज आहे: एकदा करून पाहतात, मराठीवर परिणाम होत नाही, मग ‘आपल्याकडे हे चालत नाही’ असा शिक्का बसतो. शैली दुरुस्त करण्याच्या खिडकीत लिपी निवडायचा एक छोटा रकाना असतो, तिथे कॉम्प्लेक्स निवडून फॉन्ट आणि आकार दिला की काम होतं. लिबरऑफिस या वर्डसारख्याच मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे दोन रकाने एकाच खिडकीत दिसतात, ते बरं आहे.

पर्याय

सगळं एकाच फाइलीत. अनुक्रमणिका, अंतर्गत दाखले, क्रमांक यांसाठी हे सर्वांत सरळ. पण चार महिन्यांत सर सहावं प्रकरण वाचत असणार, मॅडम दुसऱ्यात दुरुस्त्या करणार आणि मी परिशिष्ट लावणार. एका वेळी तिघांना एका फाइलीत काम करता येईल अशी ऑनलाइन सोय असते, पण कॉलेजच्या इंटरनेटचा भरवसा नव्हता आणि सर कागद सोडणार नव्हते.

वर्डचं मास्टर डॉक्युमेंट. आउटलाइन दृश्यात जाऊन एक मुख्य फाइल करायची आणि प्रकरणं तिच्याखाली जोडायची. कागदावर हेच हवं होतं. पण वर्डच्या जाणकारांमध्ये या सोयीचं नाव फारसं चांगलं नाही. जोडलेल्या फाइली बिघडल्याच्या तक्रारी खूप जुन्या आहेत. शिवाय मुख्य फाइलीत केलेला बदल थेट उपफाइलीत जातो आणि उपफाइलींचे पत्ते मुख्य फाइलीत नोंदलेले असतात. आमची ये-जा पेन ड्राइव्हवर. एका संगणकावर त्याचं अक्षर ‘ई’, दुसऱ्यावर ‘एफ’. हा पर्याय मी चर्चेतच बाद केला.

प्रकरणं सुटी, अनुक्रमणिका वेगळ्या फाइलीत. वर्डमध्ये ‘आरडी’ नावाचं फील्ड आहे (फील्ड म्हणजे मजकुरात टाकलेली छोटी आज्ञा, तिच्या जागी वर्ड आपोआप मजकूर किंवा आकडा भरतं). त्यात प्रत्येक प्रकरणाच्या फाइलीचं नाव द्यायचं, मग अनुक्रमणिका त्या फाइलींमधून शीर्षकं उचलते. पान क्रमांक मात्र ज्या त्या फाइलीतले येतात, म्हणून दुसरं प्रकरण ५७ व्या पानापासून सुरू होतं हे आपल्याला हाताने सांगावं लागतं, आणि पहिल्यात दोन पानं वाढली की पुढच्या सगळ्या फाइलींना नव्याने.

लिबरऑफिस रायटरचं मास्टर डॉक्युमेंट. हे मला मनापासून आवडतं. मुख्य फाइल वेगळ्या प्रकारची असते, तिच्यात प्रकरणं जोडलेली राहतात, आणि एकाच नावाची शैली दोन्हीकडे असेल तर मुख्य फाइलीची चालते. कोणी आज कोरी पाटी घेऊन सुरुवात करत असेल तर मी हेच सुचवेन. पण इथे टायपिंगवाले दादा, कॉलेजचा संगणक आणि विद्यापीठाचा नमुना, सगळं वर्डमध्ये. चार महिन्यांत सगळ्यांना नवं सॉफ्टवेअर शिकवण्याची माझी तयारी नव्हती, त्यांची तर अजिबात नव्हती.

‘इन्क्लूडटेक्स्ट’ फील्ड. एका रिकाम्या फाइलीत प्रत्येक प्रकरणासाठी एक फील्ड टाकायचं. एफ ९ (फील्ड ताजं करण्याची कळ) दाबलं की ताजा मजकूर आत येतो. मूळ फाइली सुट्याच राहतात. मास्टर डॉक्युमेंटपेक्षा साधी आणि खात्रीची सोय.

काय ठरलं

दोन टप्पे. मजकूर हलत असेपर्यंत प्रकरणं सुटी, सगळ्यांना एकच साचा (टेम्प्लेट, म्हणजे ठरलेल्या शैलींची कोरी फाइल). सरांना सलग वाचायला प्रत हवी असेल तेव्हा इन्क्लूडटेक्स्टची फाइल ताजी करून छापायची. मजकूर गोठला की सगळं एका फाइलीत आणायचं आणि त्यानंतर सुट्या फाइलींना कोणी हात लावायचा नाही. गोठवण्याची तारीख जमा करण्याच्या पाच आठवडे आधीची धरली.

ओव्यांच्या क्रमांकांचं वेगळं ठरवावं लागलं, त्याकडे पुढे येतो.

पहिलं काम : जुना फॉन्ट

पहिल्या तीन प्रकरणांचं युनिकोडमध्ये रूपांतर करायचं होतं. ऑनलाइन कन्व्हर्टरमध्ये मजकूर टाकून बाहेर काढणं सोपं, पण त्यात तळटीपा गळून पडतात, कारण पेस्ट होतो तो नुसता मजकूर. तळटीपांमध्ये इंग्रजी पुस्तकांची नावंही होती. जुन्या फॉन्टात मराठी अक्षर आणि रोमन अक्षर यांचा अंतर्गत संकेत एकच असतो, फरक फक्त फॉन्टच्या नावाचा. फॉन्टचं नाव गेलं की कन्व्हर्टर इंग्रजी नावाचंही ‘मराठी’ करून ठेवतो. एका अमेरिकी प्रकाशनसंस्थेच्या नावाचं जे काही झालं होतं ते वाचून मॅडम बराच वेळ हसत होत्या.

इथे दोन मार्ग होते: वर्डच्या आतच फॉन्टचं नाव बघून बदल करणारं साधन शोधायचं, किंवा मुख्य मजकूर कन्व्हर्टरने आणि तळटीपा हाताने. दादांकडे पहिल्या प्रकारचं साधन होतं, त्यांनी एक प्रकरण करून दाखवलं. जोडाक्षरं बरी आली, पण ऱ्हस्व वेलांटी काही ठिकाणी शेजारच्या अक्षरावर गेली. शेवटी मजकूर साधनाने आणि तळटीपा दादांनीच पुन्हा टाइप केल्या, वर्डच्या तळटीप आज्ञेने. वेळ गेला, पण तळटीपा एकदा खऱ्या तळटीपा झाल्या की प्रत्येक विभागात एकपासून मोजायला सांगणं हे एका क्लिकचं काम.

मग एक लपलेली गोष्ट सापडली. ‘दुसऱ्या’ हा शब्द शोधला तर सहाव्या-सातव्या प्रकरणात सापडायचा, पहिल्या तिनांत एकदाही नाही. डोळ्यांना दोन्हीकडे शब्द सारखाच. कारण, रूपांतर केलेल्या मजकुरात तो अर्धा र साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं एक जोडणारं चिन्ह असा बनला होता. मोबाइलच्या कीबोर्डने मात्र त्यासाठी वेगळा असलेला ऱ वापरला होता. ‘ॲ’चंही तेच: एकीकडे एकसंध अक्षर, दुसरीकडे अ आणि वर चंद्र. शोध, विषयसूची, वर्णानुक्रम हे सगळं संकेतांवर चालतं, त्यामुळे सूचीत ‘तऱ्हा’ दोनदा आलं असतं आणि कोणालाच कारण कळलं नसतं. जुनं रूप मजकुरातून कॉपी करून शोधाच्या चौकटीत टाकलं, नवं बदलीच्या चौकटीत, आणि सगळ्या फाइलींमधून फिरवलं. मराठीत मोठा दस्तऐवज जोडणाऱ्या कोणीही हे काम पहिल्याच दिवशी करावं.

साचा

साच्यात मोजक्याच शैली ठेवल्या. प्रकरणाच्या नावासाठी आणि उपशीर्षकांसाठी वर्डच्या तयार ‘हेडिंग’ शैली, कारण अनुक्रमणिका आणि क्रमांक त्यांना आपोआप ओळखतात. फक्त त्यांचं रूप बदललं. ‘हेडिंग १’ला नव्या पानावर सुरू होण्याची सूचना दिली, म्हणजे एंटरच्या रांगा गेल्या. स्वतःच्या शैली तीनच: ‘ओवी’, ‘ओवी-संदर्भ’ आणि ‘अवतरण’. ‘ओवी’ शैलीत ओळी एकत्र ठेवण्याची आणि पुढच्या परिच्छेदाला चिकटून राहण्याची सूचना होती, त्यामुळे ओवी एका पानावर आणि ती सांगणाऱ्या बाईचं नाव पुढच्या पानावर असं कधी झालं नाही. शीर्षपट्टीत ‘स्टाइलरेफ’ फील्ड टाकलं. ते त्या पानावर चालू असलेल्या ‘हेडिंग १’चं नाव उचलतं. प्रत्येक प्रकरणाची शीर्षपट्टी वेगळी करत बसायची गरज उरली नाही.

पहिली छापील प्रत सरांकडे गेली आणि त्यांचा फोन आला: “मॅडम, सगळीच प्रकरणं पहिली कशी?” बरोबर होतं. सुट्या फाइलीत आपोआप क्रमांक नेहमी ‘प्रकरण १’च येणार. प्रत्येक फाइलीत सुरुवातीचा आकडा द्यायचा राहिला होता, तो दिला.

ओव्यांचे क्रमांक

इथे सगळ्यात जास्त चर्चा झाली.

पहिला विचार असा की वर्डच्या ‘सीक्वेन्स’ फील्डने ओव्यांना आपोआप क्रमांक द्यायचे आणि प्रकरणांमधून त्यांना अंतर्गत दाखला द्यायचा. ओवी काढली, एफ ९ दाबलं, सगळं जागेवर. पण वर्डचे अंतर्गत दाखले एकाच फाइलीत चालतात. प्रकरणं सुटी असेपर्यंत ते करता येणार नव्हते, आणि गोठवल्यानंतर शेवटच्या पाच आठवड्यांत शेकडो दाखले एकेक करून टाकायचे म्हणजे चुकांना आमंत्रण.

दुसरा विचार वेगळ्या दिशेचा. क्रमांक ओवीचं यादीतलं स्थान सांगतो की ओवीची ओळख? हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्या संग्रहासाठी बर्नार्ड बेल यांच्या मदतीने डेटाबेस उभा राहिला, आणि आता तो ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या ग्रामीण भारतावरच्या संकेतस्थळावर हळूहळू प्रसिद्ध होतो आहे. एवढ्या मोठ्या संग्रहात मध्ये एक ओवी आली किंवा गेली म्हणून बाकीच्यांची नावं बदलून चालत नाही. सहाशे ओव्यांना तोच न्याय का लावू नये?

म्हणून कायमचे क्रमांक दिले. गावाचं आद्याक्षर आणि ध्वनिमुद्रणाच्या क्रमाने आकडा: ‘कु-०४२’, ‘मा-११७’. एकदा दिला की बदलायचा नाही. ओवी काढली तर तो आकडा रिकामा राहील, दुसऱ्या कोणाला मिळणार नाही. दाखले साध्या मजकुरात, कुठल्याही फील्डशिवाय. संगणकाच्या दृष्टीने हे मागासलेलं वाटेल, पण सुट्या फाइली, पेन ड्राइव्ह, कागद आणि लाल पेन यांतून सुखरूप जाणारा हा एकच मार्ग होता. सर कागदावर ‘मा-११७ इथे नको’ लिहू शकत होते आणि चार महिन्यांनीही मा-११७ तीच ओवी असणार होती.

सरांची हरकत होती. “मधले आकडे कुठे गेले असं परीक्षक विचारतील,” असं त्यांचं म्हणणं. त्यांचंही चूक नव्हतं. गहाळ क्रमांक म्हणजे निष्काळजीपणा असा अर्थ काढणारे परीक्षक असतात. परिशिष्टाच्या सुरुवातीला चार ओळींचं निवेदन टाकायचं ठरलं: क्रमांक ध्वनिमुद्रणाचे आहेत, प्रबंधात न घेतलेल्या ओव्यांचे क्रमांक वगळले आहेत. सर राजी झाले.

मधला अपघात

इन्क्लूडटेक्स्टने जोडलेली वाचनप्रत मॅडमच्या लॅपटॉपवर होती. एका रात्री सरांच्या खुणा उतरवताना त्यांनी पाचव्या प्रकरणाची फाइल न उघडता जोडलेल्या प्रतीतच दुरुस्त्या केल्या. दिसायला तोच मजकूर. दोन दिवसांनी छापण्याआधी एफ ९ दाबलं आणि मूळ फाइलीतला जुना मजकूर परत आला, दुरुस्त्या गेल्या.

फील्डमधला बदल मूळ फाइलीत परत पाठवायची आज्ञा आहे, कंट्रोल-शिफ्ट-एफ ७, पण ती एफ ९ च्या आधी द्यावी लागते. नंतर उपयोग नाही. सरांचे लाल खुणांचे कागद टाकून दिलेले नव्हते म्हणून सगळं पुन्हा करता आलं. त्यानंतर जोडलेल्या फाइलीचं नाव ‘वाचनप्रत – इथे लिहू नये’ असं ठेवलं आणि तिला फक्त वाचण्याची मुभा दिली. मला विचाराल तर ही प्रत पहिल्यापासून पीडीएफ करूनच द्यायला हवी होती. ज्यात लिहायचं नाही ती गोष्ट ज्यात लिहिता येतं अशा रूपात देऊ नये.

एकत्र आणताना

गोठवण्याची तारीख दहा दिवस पुढे गेली. सरांना निष्कर्षाच्या प्रकरणात एक भाग वाढवून हवा होता आणि तो वाढवणं योग्यच होतं.

जोडणी कॉपी-पेस्टने नाही, तर इन्सर्टमधल्या ‘टेक्स्ट फ्रॉम फाइल’ आज्ञेने केली. साचा समान असल्यामुळे शैली आपापल्या जागी बसल्या. प्रत्येक प्रकरणाआधी विभाग तोडला, म्हणजे तळटीपा प्रत्येक विभागात एकपासून. सुरुवातीची प्रमाणपत्रं, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका यांचा वेगळा विभाग आणि रोमन पान क्रमांक. पुढे देवनागरी आकडे. वर्डमध्ये भारतीय भाषा संपादनासाठी सुरू केलेली असली की पान क्रमांकाच्या यादीत १, २, ३ हा पर्याय येतो.

अडलं ते प्रकरणांच्या आकड्यांवर. सुट्या फाइलींत दिलेला सुरुवातीचा आकडा जोडल्यावरही ज्या त्या फाइलीची खासगी यादी बनून राहिला, त्यामुळे तिसऱ्या प्रकरणात ‘तक्ता १.१’ असं काहीतरी दिसू लागलं. बहुस्तरीय यादी (प्रकरण, उपशीर्षक यांना आपोआप क्रमांक देणारी) एकदा नव्याने बांधून ‘हेडिंग’ शैलींना जोडली तेव्हा ते मिटलं. छायाचित्रं मजकुराच्या ओळीतच बसवली, तरंगती ठेवली नाहीत, आणि वर्डच्याच आज्ञेने २२० पीपीआयपर्यंत (दर इंचाला २२० चित्रबिंदू) उतरवली. फाइल लगेच हलकी झाली.

संदर्भसूचीचा क्रम संगणकावर सोडला नाही. युनिकोडच्या संकेतक्रमात ‘ळ’ हा ‘ल’च्या शेजारी येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’च्या पोटात जातो, कारण तो क, हलन्त आणि ष असाच बनतो. मराठी वर्णमालेत हे दोघे शेवटाकडे. सूचीतल्या ‘क्ष’ आणि ‘ज्ञ’च्या नोंदी मॅडमनी हाताने शेवटी नेल्या.

निष्पत्ती

प्रबंध मुदतीत जमा झाला. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यावी लागते. ती इन्फ्लिबनेट या संस्थेच्या शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात जाते आणि तिथे प्रकरणवार वेगळ्या पीडीएफ लागतात. म्हणजे एवढा खटाटोप करून एकत्र केलेली फाइल पुन्हा तोडायची! पण यावेळी तोडणं सोपं होतं. छपाईच्या चौकटीत विभागाचा क्रमांक, ‘एस ४’ असा, दिला की तेवढाच विभाग पीडीएफमध्ये जातो. पान क्रमांक, तळटीपा, शीर्षपट्ट्या पूर्ण प्रबंधातल्याच राहतात.

मौखिक परीक्षेत रिकाम्या क्रमांकांबद्दल कोणी विचारलं नाही. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एका ओवीतल्या शब्दाबद्दल विचारलं आणि तिचा क्रमांक घेऊन परिशिष्ट उघडलं. ओवी तिथेच होती.

वेगळं काय करता आलं असतं

टायपिंगवाल्या दादांना साचा शेवटी दिला, तो पहिल्या दिवशी द्यायला हवा होता. ते फार वेगाने टाइप करतात आणि सांगितलं तसं करतात; त्यांना कोणी ‘शैली वापरा’ म्हणून सांगितलंच नव्हतं. गावातल्या अशा एका माणसाच्या हातून वर्षाला कित्येक प्रबंध जातात.

गोठवण्याची तारीख ठरवताना सरांना विचारलं नव्हतं, कळवलं होतं. मार्गदर्शकाला सोबत घेऊन तारीख ठरली असती तर ती घसरली नसती असं म्हणवत नाही, पण घसरणार आहे हे आधी कळलं असतं.

आणि ओव्या वर्डमध्ये ठेवायलाच नको होत्या. क्रमांक, गाव, सांगणारीचं नाव, ध्वनिमुद्रणाची तारीख, ओवी असे रकाने एक्सेलमध्ये केले असते तर मेल मर्जने (यादीतल्या नोंदी वर्डमध्ये आपोआप भरणाऱ्या सोयीने), त्यातला ‘डिरेक्टरी’ प्रकार वापरून, परिशिष्ट हवं तेव्हा नव्याने तयार झालं असतं. प्रकरणांत उद्धृत केलेली ओवी आणि परिशिष्टातली ओवी यांच्या पाठात काही जागी फरक राहून गेला होता, तो तपासणंही सोपं गेलं असतं. मॅडमना हे पटलं. पदवी मिळाल्यावर पुस्तकाच्या तयारीत त्यांनी सगळ्या ओव्या एक्सेलमध्ये घेतल्या आणि सांगणारीच्या नावाने क्रम लावला. तेव्हा कळलं की एकाच बाईने सांगितलेली एक ओवी दोन वेगळ्या भेटींत दोनदा नोंदली गेली आहे. दोन्ही क्रमांक ठेवले आणि दुसऱ्यापुढे ‘पाहा : कु-०१७’ एवढं लिहिलं.